फ्रान्सिएली कोण?

आमच्याकडे बाई बाळंत झाली की दवाखान्याच्या दारातच तिचं नाव काढून घेतात. पावती वगैरे काही देत नाहीत. आत जाताना मी फ्रान्सिएली होते, बाहेर आले ती 'आईबाई'. "आईबाई, जरा कुशीवर वळा." "आईबाई, बाळाचं डोकं धरा." डॉक्टर, नर्स, औषधवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा, सगळ्यांची मी आईबाई. थोरल्या सेसीच्या वेळी मला ते गोड वाटलं. धाकट्या तेओच्या वेळी मात्र मी नर्सला ठासून सांगितलं, "माझं नाव फ्रान्सिएली आहे."

"हो का?" ती म्हणाली. "छान नाव आहे, आईबाई."

नवरासुद्धा त्यातलाच. एवांद्रो पूर्वी मला काय काय नावांनी हाक मारायचा ते इथे लिहीत नाही. आता म्हणतो, "आई, माझे मोजे कुठेत?" मी त्याची आई नाही. त्याची आई दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि तिलाही त्याचे मोजे सापडत नाहीत.

तर हे सगळं मी मुकाट चालवून घेत होते, आणि आणखी पंधरा-वीस वर्षं घेतलं असतं. पण मे महिन्यात, मातृदिनाच्या आदल्या आठवड्यात, शाळेच्या फाटकाशी सेसीच्या वर्गाच्या बाईंनी, लुसिमारामावशींनी, मला थांबवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"आईबाई, आज काय गंमत झाली! मी मुलांना गोल बसवून विचारलं, तुमच्या आईचं नाव काय आणि तिला काय छान येतं? ब्रेनोची आई मॅरेथॉन पळते. यास्मिनची आई दात काढते. आणि तुमची सेसी म्हणते, 'माझ्या आईचं नाव आई. तिला आंघोळ घालता येते.'"

मीही हसले. हसावंच लागतं. घरी येताना एका हातात तेओची बाबागाडी, दुसऱ्या हातात सेसी.

"मला आणखीही पुष्कळ काही येतं हं, सेसी."

"काय?"

सिग्नलपर्यंत मी विचार केला. सिग्नल लाल होऊन हिरवा झाला.

"मी चॅम्पियन होते," मी म्हटलं. "पाण्यावरच्या स्कूटरच्या शर्यतीची."

सेसीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाच वर्षांच्या मुलीची नजर कस्टमच्या अधिकाऱ्यासारखी असते. "तुला पोहता येत नाही," ती म्हणाली.

हे खरं आहे. मी कुरितिबाची. आमच्या गावात धुकं आहे, थंडी आहे, पाइनची झाडं आहेत, समुद्र नाही. लग्न करून मी या बेटावर आले, जिथे पोरं चालण्याआधी पोहतात, आणि मी अजून घोटाभर पाण्यातून मागे फिरते. पण शर्यत टीव्हीवरची होती. जुन्या खेळाच्या यंत्रात कॅसेट खुपसायची, स्कूटर लाटांवर उडवायची, आणि तरंगणारे बोये चुकवत जायचं. लाल बोया उजवीकडून, पिवळा डावीकडून. पाच चुकले की बाद. लाटा अशा यायच्या की सोफ्यावर बसल्या जागी मी पाय वर ओढून घ्यायचे. समुद्र मी आधी तिथे शिकले.

"मग काय जिंकलीस?" सेसीने विचारलं.

"माझं नाव लिहिलंय त्या कॅसेटमध्ये. सगळ्यांच्या वर. अजून असेल."

"आई असं लिहिलंय?"

त्या क्षणी, त्या सिग्नलवर, माझं ठरलं. ही मुलगी ते नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. मग आकाश कोसळलं तरी बेहत्तर.

आकाश कोसळलं नाही. बाकी बरंच काही झालं.

सुरुवात एवेर्तोनने केली. एवेर्तोन माझा धाकटा भाऊ, कुरितिबात आईकडेच राहतो. यंत्र आईच्या दिवाणखान्यात, क्रोशाच्या कव्हराखाली होतं. मी फोन करून ते मागितलं, तर म्हणतो, "देतो. पण तो विक्रम माझा आहे."

"तुझा? तू दर शर्यतीत बाद व्हायचास!"

"ते घरी. शेजारी शर्लेईच्या यंत्रावर, रंगीत टीव्हीवर, मी राजा होतो."

"कॅसेट घरची, विक्रम घरचा!"

"मी स्वतः यंत्र घेऊन येतो. सगळ्यांसमोर उघडू. आईला पण आणतो."

मागून आईचा आवाज आला, "मला कशाला? माझं काय काम आहे तिथे?" पण तिने बॅग भरायला घेतली असावी, कारण कपाटाचं दार करकरलं.

आता टीव्ही. आमचा टीव्ही भिंतीवर चिकटलेला, पापडासारखा. त्याला या यंत्राची वायर लावायला जागाच नाही. जुना पेटीएवढा टीव्ही अख्ख्या इमारतीत एकच उरला होता, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. आणि हॉल म्हणजे सेऊ ओस्मार.

सेऊ, म्हणजे श्रीयुत, ओस्मार आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. खिडकी बंद करायची वेळ झाल्यासारखे ते बोलतात.

"टीव्ही सोसायटीची मालमत्ता आहे. हॉलबाहेर जाणार नाही."

"मग मी हॉलमध्ये येते."

"हॉल कार्यक्रमाशिवाय उघडत नाही. नियमावलीत कार्यक्रम तीन. सर्वसाधारण सभा, बारसं आणि वाढदिवस. शर्यत नाही."

"बारसं..."

त्यांनी माझ्या कडेवरच्या तेओकडे पाहिलं. "याचं झालेलं आहे. मी केक खाल्ला होता. कोरडा होता."

"मग वाढदिवस," मी म्हटलं.

"कोणाचा?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणजे मुलांशी आहे, मोठ्यांशी नाही. तोंडात आलं ते नाव मी देऊन टाकलं. "फ्रान्सिएलीचा."

"ही कोण? बाहेरची असेल तर पाहुण्यांचे नियम लागतील."

"चारशे दोनमध्ये राहते."

"तुमच्याकडे? कधीपासून?"

"सात वर्षं."

सेऊ ओस्मारांनी चष्मा काढला. "आईबाई," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "घरात माणूस वाढलं तर कळवायचं असतं. पाण्याचं बिल आपण माणशी लावतो."

मला तिथेच सांगता आलं असतं. पण सात वर्षं ज्या माणसाने रोज लिफ्टमध्ये मला सुप्रभात म्हटलं त्याला स्वतःचं नाव सांगण्यात एक प्रकारची मानहानी असते, आणि ती सकाळच्या वेळी, कडेवर मूल असताना, सोसवत नाही. मी म्हटलं, "बरं, कळवते."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'शनिवारी चारशे दोनच्या फ्रान्सिएलीचा वाढदिवस. रहिवाशांनी आवाजाबद्दल समजून घ्यावे.' वाढदिवसाची नोटीस म्हणजे आमच्याकडे आमंत्रणच. समोरच्या चारशे एकच्या दोना झेनाइदी मला लिफ्टमध्येच भेटल्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, आणि इमारतीतलं त्यांना माहीत नसलेलं काही घडलं तर त्यांचा रक्तदाब वाढतो.

"ही फ्रान्सिएली कोण गं, पोरी? कामाला ठेवलीस?"

"कामच करते ती," मी म्हटलं.

"कधी दिसली नाही ती!"

"कोणालाच दिसत नाही."

"बिचारी. घरात एकटीच असते का?"

"माणसं असतात. पण तशी एकटीच."

दोना झेनाइदींचे डोळे भरून आले. "मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन येते. माप काय?"

शुक्रवारी दुपारी आई आणि एवेर्तोन आले. आईच्या एका हातात उकडायच्या पाइनच्या बियांची पिशवी, आणि यंत्र तिने पोटाशी धरलेलं. एवेर्तोनकडे दिलंच नव्हतं. मी क्रोशाचं कव्हर काढलं.

"बघ," एवेर्तोन म्हणाला, "इतकी वर्षं कोणी हात लावला नाही, तरी धुळीचा कण नाही. आईचं कव्हर म्हणजे काय!"

आई स्वयंपाकघरात गेली.

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना कान गरम होतात. कुरितिबाच्या भिंतीत एकशेदहाची वीज असते आणि आमच्या बेटावर दोनशेवीसची. या राज्यातून त्या राज्यात लग्न करून गेलेल्या मुलीला सासूपेक्षा हे आधी कळतं. माझ्या घरात प्रत्येक प्लगवर मी स्वतः लाल नेलपॉलिशने '२२०' लिहिलंय. मावशीचा केस वाळवायचा पंखा, मामेभावाचं दाढीचं मशीन, आईचीच नाताळातली इस्त्री, असे सगळे आत्मे या घरात मुक्त झालेले आहेत. दारात पाहुणा आला की मी पाणी विचारायच्या आधी "इथे दोनशेवीस आहे" म्हणते.

आणि त्या शुक्रवारी, एका हातात तेओ, तोंडात त्याची चुपणी, दुसऱ्या हाताने सोफ्यामागे चाचपडत, मीच प्लग खुपसला.

फट्ट झालं. जळक्या मक्यासारखा वास आला, फ्रिजची घरघर थांबली, आणि स्वयंपाकघरात आईच्या हातून बियांची पिशवी निसटून बिया सगळीकडे घरंगळल्या.

"कॅसेट!" आई ओरडली. "कॅसेट आत होती का?"

नव्हती. मला त्या वेळी वाटलं, किती माया करते ही आमच्या वस्तूंवर.

दारात सेऊ ओस्मार उभे. भर दुपारी हातात टॉर्च. अर्ध्या मजल्याची वीज गेली होती. "आईबाई, घरात कोणी जबाबदार माणूस आहे का?"

"आहे."

"फ्रान्सिएली का? तिला बोलवा."

"ती आत्ता रडतेय," मी म्हटलं आणि डोळे पुसले.

तोवर दोना झेनाइदी आत आल्याच होत्या. "तांदळात ठेव."

"दोना झेनाइदी, ते भिजलं नाही, जळलंय."

"तांदूळ काही विचारत बसत नाही."

सेऊ ओस्मारांचा सल्ला असा की त्यांच्या बँकेत कॉम्प्युटर बंद पडला की सगळे जेवायला जायचे आणि येईपर्यंत तो चालू व्हायचा. आम्ही जेवलो. तो चालू झाला नाही. एवेर्तोनने शेवटी शोध लावला की जळला तो फक्त मागचा विजेचा ठोकळा, यंत्र शाबूत आहे. एवांद्रो तो शोधायला शहरात गेला. दुकानदार म्हणाला, तसाच आहे माझ्याकडे, पण जुना दाखवा, नाहीतर चुकीचा नेता आणि भांडायला येता. एवांद्रो परत आला. जुना तांदळात होता. तांदूळ दोना झेनाइदींच्या घरी होता. दोना झेनाइदी तांदूळ धुवायला बसल्या होत्या. ठोकळा ओला झाला, म्हणून त्यांनी तो दुसऱ्या तांदळात ठेवला होता.

"आई," एवांद्रो जिन्यातून धापा टाकत म्हणाला, "सोडून दे ना हे. सेसीला मी सांगतो तुझं नाव."

"सांगून नाही. तिने वाचायला हवं."

त्याने जुना ठोकळा खिशात घातला. मग जिना उतरून पुन्हा शहरात गेला. येताना ठोकळा घेऊन आला. दोनशेवीसचं एकशेदहा करणारा लोखंडी डबा दोना झेनाइदींनी पलंगाखालून काढून दिला. वजन साधारण सेसीएवढं.

शनिवारी हॉल भरला. कोणी कुरकुरीत वडे आणले, कोणी चॉकलेटच्या गोळ्या. टेबलावर फ्रान्सिएलीसाठी भेटींचा ढीग जमला. तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून एक बाहुली, एक शाल, 'वय तीन ते सहा' लिहिलेली रंगवायची वही. आईने गाजराचा केक केला होता. सेऊ ओस्मार हॉलच्या मध्यभागी उभे राहिले. "नियमाप्रमाणे जिचा वाढदिवस ती हजर लागते. कुठे आहे फ्रान्सिएली?"

सेसी माझा हात धरून होती. मी म्हटलं, "मीच."

चॉकलेटची एक गोळी कोणाच्या तरी हातून पडली तीही ऐकू आली.

"अगं, मग सांगायचं नाही का!" दोना झेनाइदी म्हणाल्या. "मी रंगवायची वही आणली!"

"तू?" सेसी म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "बघ."

मी कॅसेटमध्ये फुंकर मारली. एवेर्तोनने मारली. एवांद्रोने मारली. सेऊ ओस्मारांनी नियमाला धरून एक छोटी मारली. मग बटण दाबलं, आणि टीव्हीवर समुद्र आला.

राखाडी.

"रंग कुठेत?" एवेर्तोन किंचाळला.

रंग पाराग्वायला राहिले होते. बाबांनी यंत्र सीमेपलीकडून आणलं होतं. तिकडच्या यंत्रांचे रंग आमच्या जुन्या टीव्हींना कळत नाहीत. ते दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावे लागतात. बाबा म्हणायचे, पुढच्या महिन्यात. बाबा गेले तरी तो महिना आला नव्हता. आमच्या घरी समुद्र कायम राखाडीच होता. म्हणून तर पहिल्यांदा या बेटावर आले तेव्हा, ढगाळ जुलैतला किनारा बघून, मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.

एवेर्तोनची आणि माझी शर्यत लागली. पहिला बोया आला. राखाडी. दुसरा आला. राखाडी.

"हा लाल की पिवळा?" तो ओरडला.

"तूच सांग, राजा!"

तो पाचव्या बोयाला बाद झाला. मी मात्र डोळे मिटले असते तरी गेले असते. उजवा, उजवा, डावा, मोठी लाट, उडी, उतरताना डावा. अंगठ्यांना सगळं पाठ होतं. अंगठे माझ्यापेक्षा कमी बदलले होते. धक्क्याजवळच्या शेवटच्या वळणावर हॉलमधली सगळी माणसं माझ्याबरोबर डावीकडे झुकली. जिंकले. एवांद्रो खुर्चीवर चढून ओरडला, "फ्रान्सिएली!" त्याच्या तोंडून ते नाव इतक्या दिवसांनी आलं की क्षणभर मला वाटलं, कोणाला बोलावतोय हा?

"आता विक्रम," मी म्हटलं. सेसीला टीव्हीच्या अगदी समोर उभं केलं. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. पडद्यावर तीन नावं आली.

सेसी बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली. "ए-वे-र. तिसरा." मामाने मान खाली घातली. "फ्रा-न. दुसरी." मग तिचं बोट वर सरकलं आणि थांबलं. "इ... वे... ती."

"इवेती कोण?" सेऊ ओस्मारांनी विचारलं. "कुठल्या फ्लॅटची?"

मी आणि एवेर्तोनने एकमेकांकडे पाहिलं. इवेती नावाचं आम्हाला कोणी आठवेना. देवाशपथ, दोन श्वास जाईपर्यंत आठवेना.

मग मागे केकची सुरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"तू लग्न करून इकडे आलीस," आई म्हणाली. "तुझे बाबा गेले. हा सकाळी कामावर जायचा तो दिवेलागणीला यायचा. मग मी काय भिंती मोजत बसायचं होतं?"

"आई! तू?"

"क्रोशाचं कव्हर धुवायला काढायचे, तेव्हा म्हटलं एकदा बघू. मग रोजच धुवायला निघायला लागलं."

तिने चष्मा पदराला पुसावा तसा ब्लाउजच्या टोकाला पुसला आणि एवेर्तोनच्या हातातून खेळाची दांडी काढून घेतली. "चल. ये."

माझ्या आईशी मी इतक्या जिद्दीने कधीच काही खेळले नव्हते. भांडणं सोडली तर. मी एकही बोया चुकले नाही. पण आई लाटेवर चढत नव्हती. ती लाट येण्याआधी किंचित थांबायची आणि लाटेलाच तिला पुढे फेकू द्यायची. हे मला कधी सुचलं नव्हतं. ज्याला वाट पाहायची सवय असते त्यालाच हे सुचत असावं. धक्क्याजवळच्या वळणावर ती माझ्या एक हात पुढे होती आणि शेवटीही तेवढीच. पुढे जाताना पुटपुटली, "पाठ सरळ ठेव, फ्रान्सिएली." अजूनही तेच!

मग मेणबत्ती लावली. आमच्याकडे वाढदिवसाचं गाणं संपलं की जिचा वाढदिवस तिच्या नावाचा गजर होतो. सगळी इमारत, मला सात वर्षं सुप्रभात म्हणणारी, टाळ्या वाजवत ओरडली, "फ्रान-सि-ए-ली! फ्रान-सि-ए-ली!" सगळ्यांत मोठा आवाज सेसीचा होता. ती प्रत्येक अक्षर नवीन खेळण्यासारखं उलटंपालटं करून ओरडत होती. तेओ दचकून रडायला लागला आणि त्याला कडेवर घ्यायला चक्क सेऊ ओस्मार पुढे आले.

केकचा पहिला तुकडा आपल्या सगळ्यांत आवडत्या माणसाला द्यायचा असतो, आणि तो कोणाला ते मोठ्याने सांगायचं असतं. एवांद्रोने सवयीने हात पुढे केला. सेसीने तोंड उघडलं.

"पहिला तुकडा," मी म्हटलं, "इवेतीला."

आई एकदम मागे वळून बघायला लागली, कोणाला बोलावलं म्हणून.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी लुसिमारामावशी पुन्हा हसत उभ्या. "आईबाई..." म्हणाल्या, आणि जीभ चावली. "म्हणजे, फ्रान्सिएली. सेसीने आज वर्गाला स्वतःहून सांगितलं. 'माझ्या आईचं नाव फ्रान्सिएली. तिला पाण्यावरची स्कूटर चालवता येते. तिचा दुसरा नंबर आला.'"

"आणि पहिला?"

"तेही सांगितलं. म्हणाली, 'पहिला तिच्या आईचा. पण माझी आई पण कामाची आहे.'"

यंत्र आता हॉलमध्येच असतं. आईने ते परत नेलं नाही. क्रोशाचं कव्हर मात्र नेलं, आणि दर रविवारी फोनवर विचारते, "तेओ झोपला की बसतेस ना?" तेओ आत्ता झोपलाय. सेऊ ओस्मारांकडून किल्ली आणलीय. नोंदीत त्यांनी 'फ्रान्सिएली, सराव' असं लिहिलंय, आणि पाण्याच्या बिलात फ्रान्सिएलीच्या नावाने वाढवलेला एक माणूस कमी करायला ते काही केल्या तयार नाहीत.